झिऱ्यावर उभा राहिलेला मासा

शहाद्याकडच्या एका तरुणाने विचारलंय. तो कुल्लूच्या बाजूला बोगद्याच्या कामावर असतो. त्याचा प्रश्न थोडक्यात असा: ‘नाना, मे महिन्यात आमच्यातल्या एकाला पंडोह धरणाच्या खालच्या अंगाला, ब्यास नदीला एक नाला मिळतो तिथं, गळाला ट्राउट लागला. गावातले लोक म्हणाले, ट्राउट वर मनालीकडचा मासा, इथं खाली म्हशीर असतो. वर सोडलेलं ट्राउटचं बीज आता गरम पाण्यात उतरायला लागलंय, त्याला गरम पाणी मानवलंय. तसं असेल तर आपल्या तोरणमाळच्या यशवंत तलावात ट्राउट का सोडू नये? आपल्या खानदेशात थंड जागा तेवढीच. फोटो पाठवलाय.’

भाऊ, उत्तर आधी सांगून टाकतो, कारण पुढे बरंच लांबणार आहे. त्या माशाला गरम पाणी मानवलेलं नाही. तोरणमाळला ट्राउट सोडू नका. आणि तुमच्या मित्राने मासा जिथं धरला ती नाल्याच्या तोंडाची जागा नीट लक्षात ठेवा, कारण या सगळ्यात खरी कामाची गोष्ट ती जागा आहे.

आधी फोटोचं बोलू. मी तीस-बत्तीस वर्षं मत्स्यबीजाच्या कामात काढली, त्यातली बहुतेक धुळे-नंदुरबारच्या तलावांवर, कटला, रोहू, मृगळ यांची बोटुकली, म्हणजे बोटाएवढी पिल्लं, मोजण्यात. ट्राउट हा माझ्या रोजच्या हाताखालचा मासा नव्हे. पण प्रशिक्षणाच्या निमित्ताने कुल्लूला आणि भीमतालला राहिलो आहे, ट्राउटच्या टाक्यांत कोपरापर्यंत हात घातले आहेत. त्यामुळे या फोटोतला मासा मला बराच वाचता येतो.

अंगावर मधोमध गुलाबी पट्टा आहे आणि शेपटीवर काळे ठिपके आहेत, म्हणजे हा रेनबो ट्राउट. दुसरा जो ब्राउन ट्राउट, त्याच्या अंगावर लाल ठिपके असतात आणि त्यांना फिकट कडं असतं. आता पाठीवरचा पर, म्हणजे माशाचा पंख, मोठा करून बघा. त्याची कड उंदराने कुरतडल्यासारखी दिसते, पराचे काटे वाकडे झालेत. छातीजवळचे पर आखूड आणि बोथट आहेत. नदीत जन्मून वाढलेल्या माशाचे पर कोऱ्या नोटेसारखे सरळ, धारदार असतात. असे झिजलेले पर सिमेंटच्या टाकीत वाढलेल्या माशाचे. टाकीत गर्दी असते, भिंतीला घासणं चालतं, खाण्याच्या वेळी एकमेकांचे पर तोडणं चालतं. म्हणजे हा मासा बराच मोठा होईपर्यंत टाकीत राहिलेला आहे. एक तर तो मोठा करून नदीत सोडला, नाही तर एखाद्या पुरात कुणाच्या तरी टाकीतून सुटला. २०२३ च्या जुलैत ब्यासला केवढा पूर आला होता ते तुम्हाला मी सांगायला नको. काठावरच्या टाकीवरून तसं पाणी गेलं की आतला मासा कुठवर जाईल याला मर्यादा नाही.

तिसरी खूण सगळ्यात महत्त्वाची. डोकं अंगाच्या मानाने मोठं दिसतं, पाठ सुरीसारखी झालीय, पोट आत गेलंय. मासा वाढताना डोकं आणि धड बरोबरीने वाढतात. उपासमार झाली की धड आटतं, डोकं आहे तेवढंच राहतं. आपल्याकडे बैलाच्या बरगड्या बघून म्हातारी माणसं सांगायची की उन्हाळ्यात याला कडबा मिळाला की नाही. तसंच हे. या माशाने कित्येक आठवडे पोटभर खाल्लेलं नाही. ज्याला पाणी मानवलं तो मासा असा दिसत नाही.

ट्राउट हा आपल्या देशातला मासा नाही. ब्राउन मूळचा युरोपचा, रेनबो उत्तर अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याकडच्या नद्यांचा. इंग्रजांनी गळाच्या हौसेसाठी ब्राउनची अंडी बर्फात घालून बोटीने आणली. १९०० च्या सुमारास काश्मीरमध्ये तो मासा रुजला, १९०९ च्या आसपास कुल्लूत आला, त्याच काळात दक्षिणेत निलगिरीवर अव्हलांच इथं रेनबोची हॅचरी, म्हणजे अंडी उबवून पिल्लं काढायची जागा, झाली. पुढे शंभर वर्षांत तो देशात कुठं टिकला आणि कुठं नाही टिकला हे पाहिलं, तर एकच गोष्ट दिसते: जिथं बारा महिने वाहतं थंड पाणी आहे तिथंच तो राहिला. बाकी ठिकाणी बीज सोडलं तर काही काळ दिसला आणि संपला.

थंड म्हणजे किती? ट्राउटला १० ते १६ अंश सेल्सिअसचं पाणी सगळ्यात आवडतं. १८ पर्यंत तो बरा असतो. २० च्या वर गेलं की खाणं कमी होतं, चपळाई जाते. २५ च्या आसपास पाणी काही काळ तसंच राहिलं की तो मरतो. आपला कटला-रोहू २५ ते ३२ अंशात सगळ्यात जोमाने वाढतो. म्हणजे जिथं ट्राउटचा शेवट होतो तिथं आपल्या माशाची सुरुवात होते.

पण ‘गरमीने मासा मरतो’ एवढं म्हणून भागत नाही, आणि इथं जरा थांबायला हवं. पाणी तापलं की दोन गोष्टी एकदम होतात. पहिली, पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो. समुद्रसपाटीला १० अंशाच्या पाण्यात लिटरमागे जास्तीत जास्त ११.३ मिलिग्रॅम ऑक्सिजन विरघळतो, २० अंशाला ९.१, ३० अंशाला ७.५. दुसरी, मासा थंड रक्ताचा, त्यामुळे पाण्याबरोबर त्याचं शरीरही तापतं आणि दहा अंश वाढले की त्याची ऑक्सिजनची गरज साधारण दुप्पट होते. मिळकत घटते आणि खर्च वाढतो. शेतकऱ्याला हे गणित वेगळं समजावून सांगावं लागत नाही. वीस-बावीस अंशांच्या पाण्यात ट्राउट जो ऑक्सिजन घेतो तो सगळा नुसतं जिवंत राहण्यात जातो. प्रवाहाविरुद्ध पोहायला, किडे धरायला, खाल्लेलं पचवायला काही उरत नाही. म्हणून तो खाणं सोडतो, आणि म्हणून फोटोतल्या माशाची पाठ सुरीसारखी आहे.

कटला-रोहूसारख्या कार्प कुळातल्या माशाचं रक्त वेगळ्या घडणीचं असतं. पाण्यात ऑक्सिजन विरळ असला तरी ते धरून घेतं. ट्राउटच्या रक्ताला ते जमत नाही, कारण त्याची जातच खळखळत्या, ऑक्सिजनने भरलेल्या पाण्यात घडली. त्याला लिटरमागे सहा-सात मिलिग्रॅम लागतातच. रोहू चार-पाचमध्ये सुखाने राहतो, दोन-तीनवर धडपडत का होईना तग धरतो. आणि आपला मरळ किंवा मांगूर वर येऊन सरळ हवाच घेतो, त्यामुळे चिखलातही जगतो.

आता तुमचा मूळ मुद्दा: वर सोडलेला ट्राउट इतका खाली का येतो?

एक कारण पुराचं, ते वर आलंच. दुसरं कारण टाकीतल्या वाढीचं आहे. टाकीतला मासा खाद्याच्या गोळ्यांवर वाढतो. खाणं वरून पडतं, वेळेवर पडतं, आणि प्रवाह सगळीकडे सारखा असतो. नदीतल्या ट्राउटचं तसं नसतं. तो एका दगडाच्या आडोशाला जागा धरतो, प्रवाहाची धार शेजारून जाऊ देतो आणि धारेतून वाहत येणारा किडा तेवढा उचलतो. ही जागा धरण्याची कला लहानपणापासून अंगवळणी पडावी लागते. टाकीतून आलेला मासा नदीत पडला की चांगल्या जागा आधीच नदीतल्या माशांनी धरलेल्या असतात. ते त्याला हुसकावतात. मग तो धारेशी झगडत राहतो, थकतो आणि पाणी नेईल तिकडे जातो. पाणी खालीच नेतं.

तिसरं कारण लोकांच्या लक्षात येत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी खालची नदीही थंडच असते. तेव्हा तिथं ट्राउटला काहीच वावगं वाटत नाही, उलट खालच्या भागात किडे आणि लहान मासे जास्त. म्हणजे तो गरम पाण्यात शिरत नाही. तो थंड पाण्यात उतरतो, आणि मग ते पाणी त्याच्याभोवती हळूहळू तापतं. शहाणा मासा वर परतला असता, पण पंडोहचं धरण ७६ मीटर उंच आहे. एकदा खाली उतरलेल्याला परतीची वाट नाही.

त्यात पंडोहच्या खालच्या नदीची तऱ्हा निराळी. पंडोहला ब्यासचं बरंचसं पाणी बोगद्यांतून आणि कालव्यातून सतलजकडे वळवलं जातं, १९७७ पासून. त्यामुळे कोरड्या दिवसांत धरणाखाली मोठ्या दगडांमधून बारीक धार राहते. पाणी थोडं, दगड उघडे, ऊन डोक्यावर. मनालीकडे मे महिन्यात बर्फ वितळून नदी गार असते, ती गारठ्याची नदी इथवर पूर्ण येतच नाही. तुम्ही स्वतः त्या दगडांवरून चाललात, मे महिन्यातल्या दुपारी पायाला किती चटके बसतात ते तुम्हाला ठाऊक असेल.

मग असल्या जागी हा मासा मेपर्यंत जगला कसा? तुमच्या प्रश्नातच त्याचं उत्तर आहे: ‘एक नाला मिळतो तिथं.’

हे समजायला हिमाचलात जायची गरज नाही. गिरणेच्या किंवा पांझरेच्या कोरड्या पात्रात बायका झिरा खणून पाणी भरतात ते तुम्ही लहानपणी पाहिलं असेल. वर वाळू इतकी तापलेली की चप्पल काढवत नाही. हात-दोन हात खणलं की खालून पाणी झिरपतं, आणि ते पाणी गार असतं. कारण ते उन्हातून आलेलं नसतं, वाळूतून आलेलं असतं. जमिनीखालच्या पाण्याचं तापमान वर्षभर फारसं हलत नाही, त्या भागातल्या वर्षाच्या सरासरी तापमानाच्या जवळपास राहतं. म्हणून ते उन्हाळ्यात गार लागतं आणि हिवाळ्यात कोमट. नदी वाहती असली तरी तिच्या तळातून, काठातून असे झिरे येतच असतात, फक्त वरून दिसत नाहीत. सावलीतून येणारा, झऱ्यावर पोसलेला नाला म्हणजे मोठा झिराच. मुख्य धार तापलेली असताना नाल्याच्या तोंडाशी चार-पाच अंशांनी गार पाण्याचा एक पट्टा असतो, कधी एखाद्या खोलीएवढा, कधी खाटेएवढा. ट्राउट त्या पट्ट्यात तोंड घालून उभा राहतो. तिथून हलत नाही. शेजारून किडा गेला तरी दोन हात लांब जायची त्याची तयारी नसते, कारण दोन हातांवर गरम पाणी आहे. एकाच झिऱ्यावर दहा-वीस मासे दाटीवाटीने उभे राहिले तर खाण्याच्या नावाने सगळ्यांचा उपासच.

म्हणून हा मासा ‘गरम भागात’ सापडला हे नकाशावर खरं आहे. माशाच्या दृष्टीने तो खाटेएवढ्या थंड पाण्यात सापडला.

म्हणूनच माझी एक विनंती आहे. तुमच्या मित्राला सांगा, मे-जूनमध्ये त्या जागी गळ टाकू नका. असा मासा धरायला सोपा असतो कारण त्याला दुसरीकडे जाताच येत नाही. ‘धरून परत सोडतो’ हेही त्या दिवसांत उपयोगाचं नाही. गळाशी झटापट केली की त्याच्या अंगातला उरलासुरला ऑक्सिजन संपतो. सोडला तेव्हा पोहत गेला असं दिसतं, आणि रात्रीतून कुठेतरी दगडाखाली मरतो. पाणी २० च्या वर असेल तर ट्राउटचा गळ बंद, एवढा नियम पुरे.

आता ‘मानवलं’ या शब्दाबद्दल. एखादा मासा हळूहळू तापणाऱ्या पाण्यात राहिला तर त्याची सोसण्याची हद्द अंश-दोन अंशांनी वर सरकते, हे खरं. पिढ्यान्‌पिढ्या निवड झाली तर आणखी थोडी सरकते. पश्चिम ऑस्ट्रेलियात पेंबर्टन इथल्या हॅचरीत असं घडलं. तिथल्या कडक उन्हाळ्यांत जे रेनबो मेले ते मेले, तगले त्यांचीच पैदास पुढे चालली, आणि आज तो वाण इतर रेनबोंपेक्षा उष्णता थोडी जास्त सोसतो. पण ‘थोडी’ या शब्दावर बोट ठेवा. त्याला अनेक पिढ्या लागल्या आणि असंख्य मासे गेले. ब्यासमध्ये भरकटलेला मासा खाली अंडीच घालू शकत नसेल तर पिढी कुठून होणार? ट्राउटच्या अंड्यांना वाहत्या स्वच्छ पाण्याखालची बारीक गोटी लागते आणि साधारण १२ अंशांच्या खालचं पाणी लागतं, तेही महिना-महिना. भरकटलेला मासा तिथंच संपतो, तो वंश मागे ठेवत नाही.

हे सगळं मी इतक्या जीव तोडून सांगतोय त्याला कारण आहे. आपल्याकडे हेच मी वेगळ्या माशाच्या बाबतीत डोळ्यांनी पाहिलंय, आणि त्यात माझीही चूक होती.

नोकरीची सुरुवातीची वर्षं. पांझरेच्या वरच्या अंगाला एका तलावात आम्ही जुलैच्या शेवटी कटला-रोहूची बोटुकली सोडली. कागदावर मुदत होती, बीज तयार होतं, सोडून मोकळे झालो. ऑगस्टमध्ये पंधरा दिवस सांडवा, म्हणजे भरलेल्या तलावाचं जादा पाणी जायची वाट, वाहत राहिला. बोटाएवढं पिल्लू वाहत्या पाण्याबरोबर जातं हे मला तेव्हाही माहीत होतं, पण मी मुदतीपुढे बोललो नाही. हिवाळ्यात तलावात जाळी टाकली तर मासा अगदी कमी. मच्छीमार संस्थेचे लोक म्हणाले, बीजच खराब होतं. बीज चांगलं होतं. ते खाली नदीत गेलं होतं.

मे महिन्यात खालच्या एका गावाहून निरोप आला की डोहातले मासे वर येऊन तोंड वासतायत. जुन्या फडाच्या बंधाऱ्याखालचा डोह तो. पांझरेवर असे बंधारे कित्येक आहेत. फडाची पाळी बांधून पाणी वाटून घेण्याची आपल्याकडची पद्धत शतकांची, आणि बंधाऱ्याखाली पाणी पडून पडून डोह तयार होतो. मी आणि एक सहकारी पहाटे साडेचारला पोचलो. अजून उजाडलं नव्हतं. बॅटरीच्या उजेडात पाण्यावर शेकडो तोंडं दिसली, गोल, उघडमीट करणारी. आवाज येत होता, चुबुक चुबुक असा, पाऊस सुरू होताना पडतो तसा. सगळे आमचेच कटला-रोहू, पाव-अर्ध्या किलोचे.

पहाटेच का, तर दिवसा पाण्यातलं शेवाळ उन्हात ऑक्सिजन बनवतं आणि रात्री तेच शेवाळ ऑक्सिजन खातं. सूर्य उगवण्याआधीची घटका सगळ्यात वाईट. पाणी हिरवंगार होतं, वर तरंगणारं निर्माल्य होतं, तेही कुजताना ऑक्सिजन ओढतं. डोहाच्या एका कडेला काठाखाली पूर्वी बारमाही झिरा होता असं गावातले भोई आबा सांगत होते. त्यांनी काठीने जागा दाखवली. तिथं आता पंपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपाचं तोंड, होता. रात्री लाइट यायची तेव्हा पंप चालायचा, आणि तो नेमकं ते गार पाणी ओढायचा. पलीकडच्या बाजूची वाळू ट्रॅक्टरने नेलेली, त्यामुळे वरून झिरपत येणारं पाणी धरायला काही राहिलं नव्हतं.

त्या दिवशी आम्ही जे करता येईल ते केलं. पंपवाल्या शेतकऱ्याने समजूतदारपणे व्हॉल्व्ह वीस-पंचवीस फूट सरकवला. पोरांनी घागरींनी पाणी उंचावरून ओतलं, तेवढ्यानेही हवा मिसळते. मोठे मासे जाळ्याने काढून गावात वाटले, म्हणजे उरलेल्यांना वाटा जास्त येईल. दोन दिवसांनी गेलो तर निम्म्याहून जास्त मासे पांढरी पोटं वर करून काठाला लागले होते. जे वाचले ते सगळे त्या काठाखाली, झिऱ्याच्या तोंडावर गोळा झालेले. भोई आबा त्यांच्याकडे बघून एवढंच म्हणाले, ‘त्याले ठाव शे.’ माशाला जागा माहीत होती. आम्हाला नव्हती.

त्यानंतर मी सांडवा वाहता असताना एकदाही बीज सोडलं नाही. पाणी सांडायचं थांबलं की सप्टेंबर-ऑक्टोबरात सोडायचं, आणि सोडायचं तेव्हा चार इंच, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वरची बोटुकली सोडायची. कागदावरची मुदत पुढे ढकलायला पत्र लिहावं लागलं तर लिहायचं. सांडव्याला जाळी लावा असं पुस्तकात असतं, पण आपल्या पुरातला पालापाचोळा ती जाळी तासाभरात बुजवतो आणि पाणी भिंतीवरून जातं. त्यापेक्षा वेळ आणि आकार सांभाळणं भरवशाचं.

आता तोरणमाळ.

तोरणमाळची उंची साधारण ११५० मीटर. हवा उंचीबरोबर हजार मीटरला साडेसहा अंशांच्या हिशेबाने गार होते. मे महिन्यात नंदुरबारला ४२-४३ असताना तोरणमाळला पस्तिशी म्हणा. माणसाला ते गार वाटतं, ट्राउटला नाही. मुन्नार आणि निलगिरीचं उदाहरण लोक देतात, की बघा, ते तर विषुववृत्ताच्या आणखी जवळ. पण तिथले ट्राउटचे ओढे दोन हजार मीटरच्या आसपास आहेत, आणि सगळ्यात मोठी गोष्ट, ते ओढे आहेत. शोलाच्या दाट रानातून बारा महिने वाहणारे, सावलीतले. यशवंत तलाव हे साठलेलं पाणी. पावसाळ्यात भरतो आणि मग उन्हात आठ महिने उभा राहतो. त्याला खालून गार पाण्याची नदी मिळत नाही.

उंचीची आणखी एक बाजू आहे. वर हवाच विरळ, म्हणून पाण्यात ऑक्सिजनही कमी विरघळतो. २५ अंशाच्या पाण्यात खाली ८.३ मिलिग्रॅम मावत असेल तर तोरणमाळच्या उंचीला सव्वासात. तेही पाणी स्वच्छ आणि ढवळलेलं असेल तर. उभ्या पाण्यात पहाटे त्याहून पुष्कळ कमी. हिवाळ्यात सोडलेला ट्राउट तिथं जानेवारीत मस्त पोहताना दिसेल, लोक फोटो काढतील, आणि एप्रिल संपेपर्यंत काठाला लागेल. त्यात त्या माशाचे हाल आहेत, आणि ज्याने पैसे घातले त्याचेही.

समजा, चुकून जगलाच, तरी मला ते नको आहे. ट्राउट मांसाहारी आहे, लहान मासे खातो. काश्मीर-हिमाचलात ब्राउन ट्राउट शिरला तिथं स्थानिक असेला माशावर ताण आला. असेल्याला ‘स्नो ट्राउट’ म्हणतात, पण तो कुळाने कार्प आहे, ट्राउटचा कुणी नाही. सातपुड्याच्या ओढ्यांत आपले स्वतःचे मासे आहेत, नर्मदेच्या अंगाला म्हशीर आहे. त्यांच्या घरात पाहुणा आणून सोडण्याआधी त्यांची काय अवस्था आहे ते बघायला हवं.

तुमच्या घरी कुणाला मासे वाढवायचेच असतील तर शेततळ्यात कटला-रोहू-मृगळ करू द्या, किंवा हिंमत असेल तर मरळ. पाणी आपलं, मासा आपला. त्याबद्दल वेगळं विचारा, सविस्तर सांगेन.

आणि तुम्हाला स्वतःला काही करायचं असेल तर एक काम सांगतो, त्याला खर्च नाही. काचेची सोड्याची बाटली घ्या, तळाला दोरीने दगड बांधा, तोंडाला बूच घट्ट बसवा आणि बुचाला वेगळी बारीक दोरी बांधा. बाटली तळापर्यंत सोडा. बुचाची दोरी हिसका देऊन ओढा. बुडबुडे येतील, ते थांबले की बाटली भरली. झटकन वर ओढा आणि लगेच थर्मामीटर आत घाला. आधी वरच्या पाण्याचं तापमान मोजून ठेवलेलं असलं पाहिजे. हे पहाटे सूर्य उगवायच्या आधी एकदा करायचं आणि दुपारी तीनला एकदा. नाल्याच्या तोंडाशी, मग दहा पावलं खाली, मग वीस पावलं. जिथं तळाचं पाणी वरच्यापेक्षा तीन अंशांनी किंवा जास्त गार लागेल ती जागा काठावरच्या दगडाला चुना लावून खूण करून ठेवा. ब्यासला करा, आणि सुट्टीत घरी आलात की गोमाईला किंवा तापीला शहाद्याखाली करा. आपल्याकडच्या डोहांत अजून असे झिरे आहेत. कोणत्या डोहात कुठल्या काठाला, हे जुन्या भोयांना आणि भिल्लांना तोंडपाठ असतं. त्यांना आधी विचारा, बाटली मग बुडवा. आकडे मिळाले की मला पाठवा. पंपाचा फुटव्हॉल्व्ह कुठून कुठं सरकवायचा आणि सावलीसाठी काठावर करंज लावायचा की जांभूळ, ते त्या आकड्यांवरून ठरवू.